सॅनिटायझर वापरूनही घरची बिअर पुन्हा पुन्हा बिघडते तेव्हा

तक्रार दर वेळी तीच असते. फर्मेंटर (बिअर आंबवायचं भांडं) धुतला होता, नो-रिन्स, म्हणजे वापरल्यावर पाण्याने न धुवायचं सॅनिटायझर फिरवलं होतं, तरी काही आठवड्यांनी बाटली उघडली तर बिअर आंबट, नाहीतर झाकण काढताच अर्धी जमिनीवर. पुढच्या खेपेला सॅनिटायझर दुप्पट घातलं, तरी तेच. दुसऱ्या कंपनीचं आणलं, तरी तेच.

हा बिघाड मी स्वतःच्या आणि ओळखीच्यांच्या सामानात बऱ्याचदा निस्तरला आहे. सॅनिटायझरच खराब निघालं असं क्वचित होतं. बहुतेकदा ते चुकीच्या प्रमाणात पडलेलं असतं, पाण्याने मारलेलं असतं, किंवा जिथे जंतू बसलेत तिथवर पोचलेलंच नसतं. यातलं तिसरं कारण सगळ्यात जास्त भेटतं आणि शोधायला वेळही तेच खातं. म्हणून आधी फुकटच्या तपासण्या, पाना-पक्कड नंतर.

आधी लक्षणं

आंबटपणा जो बाटलीत गेल्यावर आठवड्यागणिक वाढत जातो. हे काम बहुधा लॅक्टोबॅसिलस किंवा पेडिओकॉकस या जीवाणूंचं. पेडिओकॉकस असेल तर सोबत लोण्यासारखा वास येतो, आणि कधीकधी बिअर ओतताना चक्क तार सुटते.

व्हिनेगरचा वास. असेटोबॅक्टर या जीवाणूला हवा लागते, त्यामुळे हा वास आला की आधी झाकण, एअरलॉक (गॅस बाहेर सोडणारी पण हवा आत न येऊ देणारी पाण्याची झडप) आणि वरची रिकामी जागा बघा.

फर्मेंटरमध्ये बिअरवर पांढरी, कोरडी, सुरकुतलेली साय. बाटलीच्या मानेत, जिथवर बिअर भरलेली असते तिथे, आतून चिकटलेलं कडं.

झाकण काढताच उसळणारी बिअर आणि खाली गेलेली ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत बिअरची घनता; साखर संपते तशी ती उतरते). भरताना १.०१२ असलेली बिअर महिन्याभराने १.००४ दाखवत असेल, तर तुमचं यीस्ट जी साखर सोडून देतं ती दुसरं कोणीतरी खातंय. चवीला लवंग, धूर किंवा औषधी झाक असेल तर जंगली यीस्टवर संशय घ्या.

आता संसर्गासारखं दिसतं पण संसर्ग नसतं असं काय ते. पृष्ठभागावर तरंगणारे यीस्टचे तपकिरी पुंजके आणि हॉप्सचे (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचे) कण निरुपद्रवी असतात. हिरव्या सफरचंदासारखा वास म्हणजे बहुतेकदा बिअर अजून कोवळी आहे. लोण्याचा वास फर्मेंटर दोन-तीन दिवस थोडा गरम जागी ठेवल्यावर गेला, तर यीस्टचं काम अर्धवट राहिलं होतं, एवढंच. सगळ्या बाटल्या उसळतात पण चव स्वच्छ आहे, तर एका बाटलीतली बिअर ढवळून तिच्यातला गॅस पूर्ण काढा आणि ग्रॅव्हिटी मोजा. भरतानाइतकीच असेल तर प्रायमिंगची (बाटलीत गॅस व्हावा म्हणून भरताना घालायची) साखर जास्त झाली आहे, सॅनिटायझरचा काही संबंध नाही.

आणखी एक. पहिल्या घोटापासून चिकटपट्टी किंवा दवाखान्यासारखी चव येत असेल तर लोक नो-रिन्स सॅनिटायझरवर खापर फोडतात, ‘न धुता वापरलं म्हणून चव उतरली’. ही चव बहुधा क्लोरोफेनॉलची असते: नळाच्या पाण्यातलं क्लोरीन किंवा क्लोरामाइन, नाहीतर ब्लीचने धुतलेलं आणि नीट न खळबळलेलं भांडं. अब्जात काही भाग एवढ्या प्रमाणातही ती जिभेला कळते. ब्लीच बंद करा आणि बिअरचं पाणी कार्बन फिल्टरमधून घ्या किंवा त्यात कॅम्पडेन गोळी (क्लोरीन घालवणारी सल्फाइटची गोळी) टाका. सुमारे ७५ लिटरला एक गोळी पुरते. इथे तुमची समस्या संपत असेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

पाणी कुठे मुरतंय ते बघा

वही काढा. खेपा लिहून ठेवल्या नसतील तर आठवून लिहा. या तपासणीला एक पैसा लागत नाही आणि निम्मं काम इथेच होतं.

एकाच खेपेतल्या काही बाटल्या बिघडल्या आणि बाकीच्या ठणठणीत असतील, तर दोष बाटल्यांत आहे. सगळ्या बाटल्या सारख्याच बिघडल्या, तर दोष बाटलीच्या आधी. अर्धी बिअर केगमध्ये (दाबाखाली बिअर साठवायच्या पिंपात) आणि अर्धी बाटलीत भरत असाल आणि केगमधली चांगली राहत असेल, तर फर्मेंटर निर्दोष सुटला; बाटल्या, त्या भरायची बादली, तिची तोटी, नळी आणि फिलर (बाटलीत बिअर सोडायची दांडी) एवढ्याच जागा उरल्या. भरायच्या दिवशीच फर्मेंटरमधली बिअर आंबट लागत असेल तर बाटल्या घासत बसण्यात अर्थ नाही.

मागच्या खेपेचं यीस्ट पुढच्या खेपेला वापरता का, हेही लिहा. बिघडलेल्या खेपेच्या तळाचं यीस्ट पुढे नेलं तर जगातलं कुठलंही सॅनिटायझर तुम्हाला वाचवू शकत नाही, कारण जंतू तुम्ही स्वतःच्या हाताने, मोजून घालताय. शंका असली की ते यीस्ट फेका आणि नवं पाकीट फोडा.

शिवाय, बिघाड सुरू होण्याआधी सेझॉन (बेल्जियन पद्धतीची एक बिअर) बनवली होती का? सेझॉनची बरीच यीस्टं डायस्टॅटिकस प्रकारची असतात. इतर यीस्टांना न पचणारे डेक्स्ट्रिन, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या, ती फोडून खातात. त्याच नळीतून पुढे साधी एल बिअर गेली आणि नळीत थोडं यीस्ट उरलं असेल, तर ती एल बाटलीत महिनोन्‌महिने गॅस करत राहते. जंतू ‘बाहेरून’ आलेच पाहिजेत असं काही नाही.

प्रमाण मोजा

बाटलीवरचं लेबल वाचा, आणि ‘अंदाजे एक झाकण’ हा प्रकार बंद करा.

घरी मुख्यतः दोन जातीची नो-रिन्स सॅनिटायझर वापरली जातात. पहिली आम्लाची, स्टार सॅनसारखी: फॉस्फोरिक आम्ल आणि डोडेसिलबेंझीन सल्फोनिक आम्ल. यातलं दुसरं आम्ल साबणासारखं पृष्ठभागावर पसरतं, जंतूंच्या आवरणावर मारा करतं आणि तो सुप्रसिद्ध फेस करतं. प्रमाण १९ लिटरला साधारण ३० मिली, म्हणजे लिटरला दीड मिलीच्या आसपास. एक लिटरच्या स्प्रे बाटलीत एक चमचा ओतला तर तिप्पट होतं. बिनसुईची सिरिंज घ्या, प्रश्न मिटतो.

दुसरी जात आयोडोफोर. तिचं काम १२.५ पीपीएम (दशलक्षात भाग) आयोडीनवर चालतं. मूळ द्रावणात आयोडीन किती टक्के आहे ते कंपनीनुसार बदलतं, त्यामुळे मित्राने सांगितलेलं माप चालेलच असं नाही. १.७५ टक्क्यांचं असेल तर २० लिटरला १४-१५ मिली. २५ पीपीएमच्या वर गेलात की न धुता वापरायची मुभाच संपते: चव उतरते, प्लॅस्टिक पिवळं पडतं. औषधाच्या कपाटातलं जखमेवर लावायचं आयोडीन इथे वापरू नका. त्याची घडण वेगळी असते आणि काहींत साबणही असतो.

प्रमाण कमी पडलं तर जंतू उरतात, हे सगळ्यांना कळतं. जास्त पडल्याचा तोटा लक्षात येत नाही: माणूस फेस आणि वासाला घाबरून शेवटी नळाच्या पाण्याने सगळं खळबळतो. सॅनिटाइझ केलेलं भांडं नळाखाली धरलं की नळाच्या तोंडावर जे काही राहत असेल ते परत आत. बरोबर प्रमाणातला फेस तसाच राहू द्या. बिअर आत गेली की तो इतका पातळ होतो की चवीला लागत नाही. भांडं उपडं करून निथळवा, एवढं पुरे.

द्रावण जिवंत आहे का

आम्लाचं सॅनिटायझर पीएच ३ किंवा त्याखाली असेल तरच काम करतं. कठीण पाण्यात दोन गोष्टी होतात: बायकार्बोनेट आम्ल खाऊन टाकतात आणि कॅल्शियम त्या फेसाळ घटकाला बांधून ठेवतं, त्यामुळे द्रावण दुधाळ दिसायला लागतं. आरओच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात केलेलं द्रावण बंद भांड्यात आठवडेच्या आठवडे टिकतं. कठीण पाण्यातलं कधीकधी बादलीतच गढूळ होतं. गढूळ झालं की फेकायचं, हा माझा नियम. काहीजण पीएच बरोबर असेल तर गढूळही वापरतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पण ज्याच्या खेपा बिघडताहेत त्याने तरी हा धोका घेऊ नये.

पीएचच्या पट्ट्या घेताना १ ते १४ वाल्या घेऊ नका. त्यांच्यावर ३ आणि ४ मधला फरक ओळखणं म्हणजे नशिबाचा खेळ. ० ते ६ अशा अरुंद टप्प्याच्या घ्या.

आयोडोफोरचं सोपं असतं, रंगच बोलतो. फिकट चहासारखी तपकिरी छटा असेपर्यंत त्यात दम आहे. रंग उडाला की आयोडीनही उडालं. उघड्या बादलीत ते तासांच्या हिशेबात उडतं, गरम पाण्यात त्याहून लवकर. म्हणून पाणी साधं, कोमट सुद्धा नको, आणि द्रावण त्या दिवसापुरतंच करायचं.

वेळ

आम्लाच्या सॅनिटायझरला एक ते दोन मिनिटं, आयोडोफोरला किमान दोन. ही वेळ पृष्ठभाग ओला असतानाची धरायची. स्प्रे मारून लगेच पुसलं किंवा उन्हात वाळत घातलं तर ती वेळ मिळतच नाही. आयोडोफोरला मी सरळ दहा मिनिटं देतो, तेवढ्यात नळ्यांची जुळवाजुळव होते. नळीच्या आत स्प्रे पोचत नाही हे सांगायला नको, पण सांगतो, कारण बाहेरून स्प्रे मारलेल्या नळ्या मी पाहिल्या आहेत. नळीत द्रावण भरा आणि दोन्ही टोकं वर धरून ठेवा.

वर्टची बरणी

आता इथे थांबा. सामान खोलायला लागण्याआधी एक चाचणी करा. मोठ्या ब्रुअरीही हीच करतात आणि तिला फक्त तीन काचेच्या बरण्या लागतात.

बरण्या झाकणासकट पाण्यात उकळून घ्या. पुढच्या खेपेला यीस्ट घालायच्या आधी वर्टचे, म्हणजे न आंबवलेल्या माल्टच्या गोड रसाचे नमुने घ्या: एक थेट उकळत्या पातेल्यातून, उकळलेल्या डावाने, दुसरा चिलरमधून (उकळतं वर्ट थंड करायच्या साधनातून) बाहेर पडणाऱ्या धारेचा, तिसरा फर्मेंटर भरल्यावर त्याच्या तोटीतून. झाकणं सैल ठेवा, आत गॅस झाला तर बरणी फुटू नये म्हणून. चिठ्ठ्या लावा आणि २५ ते ३० अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवून रोज बघा.

तिन्ही बरण्या तीन दिवस स्वच्छ राहिल्या तर वर्ट फर्मेंटरपर्यंत नीट पोचतंय. दोष त्यापुढे आहे: यीस्ट, मधेच झाकण उघडणं, बाटल्या भरणं. पहिली स्वच्छ आणि दुसरीत बुडबुडे असतील तर चिलर. दुसरी स्वच्छ आणि तिसरी बिघडली तर फर्मेंटर किंवा त्याची तोटी. एका दिवसातच गढूळ झाली तर जंतूंची संख्या फार मोठी आहे, कुठेतरी चांगला साका बसलेला आहे. पहिलीच बिघडली तर बरणी नीट उकळली गेली नव्हती. चाचणी पुन्हा करा.

वर्ट चाखायचं नाही. तीन दिवस झाले की ओतून टाकायचं. आंबवलेल्या बिअरमध्ये अल्कोहोल, हॉप्स आणि कमी पीएच मिळून घातक जंतूंना सहसा वाढू देत नाहीत. यीस्ट न घातलेल्या वर्टला यातलं जवळजवळ काहीच संरक्षण नसतं. बंद बरणीत फार दिवस ठेवलेल्या वर्टमध्ये बॉट्युलिझमचा (जीवघेण्या अन्नविषबाधेचा) धोका खरा आहे.

ही चाचणी न करता पुढे गेलात तरी चालेल, पण मग जे एक-दोन भाग खोलायचे ते सगळेच खोलाल.

घाण आणि धुण्याचा साबण

सॅनिटायझर साफ करत नाही. वाळलेल्या फेसाचा, यीस्टचा किंवा हॉप्सच्या रेझिनचा थर असलेल्या भांड्यात ते ओतणं म्हणजे गंजावर रंग मारणं. वरचे जंतू मरतात, थराखालचे मजेत राहतात. त्यातून जंतूंनी स्वतःभोवती चिकट थर बांधला असेल, म्हणजे बायोफिल्म, तर नो-रिन्स ताकदीचं द्रावण त्याला भेदून जात नाही. ‘जंतू या सॅनिटायझरला सरावलेत, आता बदला’ असं जे म्हणतात, त्याच्या मुळाशी बहुतेकदा हा थर असतो.

फर्मेंटर कोरडा करून टॉर्चचा उजेड तिरपा पाडून बघा, बोट फिरवा. बुळबुळीत लागलं, खरखरीत लागलं, वास आला, तर अजून साफ नाही. सोडियम परकार्बोनेट असलेल्या क्षारयुक्त क्लीनरमध्ये, साधारण ५० अंशांच्या पाण्यात, काही तास किंवा रात्रभर भिजत घाला. प्लॅस्टिकला तारेची किंवा हिरवी घासणी लावू नका, ओरखड्यांत जंतूंची वसाहत होते. मऊ फडकं पुरे.

भिजवून झाल्यावर क्लीनर पूर्ण खळबळून काढा, निसरडेपणा जाईपर्यंत. ही पायरी लोक हमखास घाईत उरकतात, ‘पुढे सॅनिटायझर आहेच की’ म्हणून. पण क्लीनर क्षार आणि सॅनिटायझर आम्ल. उरलेला क्लीनर सॅनिटायझरचा पीएच वर ढकलतो. तुम्ही मोजून घातलेलं दीड मिली भांड्याला लागायच्या आधीच संपलेलं असतं.

स्टीलच्या फर्मेंटरमध्ये धुऊनही न जाणारा, खडूसारखा पिवळट-पांढरा थर दिसला तर तो बिअरस्टोन, मुख्यतः कॅल्शियम ऑक्झलेट. क्षाराने तो एकट्याने जात नाही. आधी क्षारयुक्त क्लीनर, मग आम्लाचा खास क्लीनर, लेबलवरच्या ताकदीने. सॅनिटायझरमधलं आम्ल इथे फारच पातळ पडतं.

एक ताकीद: ब्लीच आणि आम्लाचं सॅनिटायझर कधीही एकत्र करू नका, एकामागोमाग न खळबळता सुद्धा नको. क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच स्टेनलेस स्टीलला खड्डेही पाडतं. मी ते ब्रुइंगच्या सामानाजवळ ठेवतच नाही.

आता खोला

माझा पहिला संशय नेहमी तोटीवर. बाटल्या भरायच्या बादलीची प्लॅस्टिकची तोटी एकसंध दिसते पण नसते: आत फिरणारा एक दंडगोल असतो आणि त्याच्याभोवती बिअरचा पातळ थर वर्षानुवर्षं बसत राहतो. तोटी काढून काही मिनिटं गरम पाण्यात ठेवा, प्लॅस्टिक थोडं सैलावतं, मग आतला दंडगोल मागून अंगठ्याने ढकला. जे दिसेल त्याची तयारी ठेवा.

धातूचा बॉल व्हॉल्व्ह असेल तर गोळा आणि बाहेरचं कवच यांच्यामध्ये द्रव अडकतो. उघडा असताना नाही धुतला जात, बंद असतानाही नाही. तीन तुकड्यांचा व्हॉल्व्ह असेल तर बोल्ट काढून पूर्ण सुटा होतो. दोन तुकड्यांचा सुटा करणं कटकटीचं असतं. वर्ट थंड झाल्यानंतरच्या वाटेवर असा व्हॉल्व्ह असेल तर मी तो बदलायलाच सांगतो. उकळायच्या पातेल्याचा व्हॉल्व्ह निदान उकळीच्या उष्णतेत असतो, तरी आतल्या कोपऱ्यात वर्ट साचतंच.

मग बाकीचं: फिलरच्या टोकाची स्प्रिंग आणि झडप, ऑटो-सायफनच्या (बिअर एका भांड्यातून दुसऱ्यात ओढायच्या हातपंपाच्या) दांड्याची रबरी चकती, झाकणातली एअरलॉकची रबरी रिंग, झाकणाचं गॅस्केट, प्रत्येक नटाखालची ओ-रिंग, केगच्या पोस्टमधल्या (नळ्या जोडायच्या तोंडांतल्या) झडपा आणि आतली लांब नळी. केग खोलायच्या आधी आतला दाब पूर्ण सोडा. सगळं सुटं करून क्लीनरमध्ये, मग खळबळून सॅनिटायझरमध्ये, आणि ओलं असतानाच जोडा. पितळ किंवा तांब्याचे भाग आम्लाच्या सॅनिटायझरमध्ये भिजत ठेवू नका, धातू विरघळतो. दोन मिनिटं बुडवून काढा.

रबर आणि नळ्या यांच्याबद्दल फार विचार करू नका. नळीच्या आत डाग असेल, बुळबुळीत लागत असेल, वास असेल, तर फेका. व्हिनाइलची नळी पाणी शोषून नुसती पांढुरकी झाली असेल तर तो संसर्ग नव्हे, पण बिघडलेल्या दोन-तीन खेपा तिच्यातून गेल्या असतील तर तीही फेका. एका नळीची किंमत एका खेपेच्या माल्टहून कमी असते. ओरखडलेली प्लॅस्टिकची बादली दुसऱ्या कामाला लावा.

बाटल्या उजेडासमोर धरून तळ बघा. वाळलेल्या यीस्टची चकती असलेली बाटली क्लीनरमध्ये भिजवून ब्रशने घासल्याशिवाय सॅनिटायझरच्या लायकीची होत नाही. संशय बाटल्यांवरच असेल तर एकदा भट्टी वापरा: धुतलेल्या बाटल्यांच्या तोंडावर फॉइल, थंड ओव्हनमध्ये ठेवून १७० अंशांवर एक तास, किंवा १५० वर अडीच तास. ओव्हन न उघडता पूर्ण थंड होऊ द्या, नाहीतर काच तडकते. पुढची खेप चांगली निघाली तर गुन्हेगार सापडला.

अजूनही बिघडतेय?

मग सॅनिटायझर बदलण्याचा विचार करा, पण कारण समजून. आम्लाची सॅनिटायझर जीवाणूंवर चांगली चालतात. यीस्ट आणि बुरशीवर त्यांचा जोर कमी पडतो. तुमची लक्षणं लवंग, धूर आणि घसरत जाणारी ग्रॅव्हिटी अशी असतील तर काही खेपा आयोडोफोरवर या, आणि जे भाग उष्णता सोसतात ते सरळ उकळा. पेरासेटिक आम्ल ब्रुअरींमध्ये चालतं आणि प्रभावीही असतं, पण मूळ द्रावणाचा वास छातीत बसतो. घरात, बंद खोलीत ते वापरावं असं मला वाटत नाही.

हवेतूनही येतं. धान्य दळल्यावर उडणाऱ्या पिठात लॅक्टोबॅसिलस भरपूर असतो. दळण आणि थंड वर्ट एका खोलीत, एका दिवशी नको. थंड वर्ट उघडं ठेवून यीस्ट दुसऱ्या दिवशी घालण्यापेक्षा त्याच दिवशी, पुरेसं घाला. हायड्रोमीटरसाठी (ग्रॅव्हिटी मोजायला) काढलेला नमुना परत ओतायचा नाही. थंड करताना फर्मेंटर एअरलॉकमधलं पाणी आत ओढतो, म्हणून तिथे साध्या पाण्याऐवजी सॅनिटायझरचं ताजं द्रावण ठेवा.

बरणीच्या चाचणीत चिलर सापडला असेल आणि तो प्लेटचा असेल, तर खरी मेहनत इथे आहे. झाळलेल्या प्लेट खोलता येत नाहीत. गरम क्षारयुक्त क्लीनर पंपाने उलट-सुलट फिरवा आणि परत येणारं पाणी पांढऱ्या फडक्यातून गाळा. फडक्यावर हॉप्सचा चुरा येणं थांबेपर्यंत थांबू नका. त्यानंतर प्रत्येक खेपेला उकळीच्या शेवटच्या १५-२० मिनिटांत उकळतं वर्टच त्यातून फिरवा. पंप आणि नळ्या तेवढ्या तापमानाच्या आहेत ना ते आधी बघा. फडक्यावर चुरा येतच राहिला तर तो चिलर सोडा आणि गुंडाळीचा घ्या, जो उकळत्या पातेल्यात बुडवला की स्वतःच निर्जंतुक होतो.

इथे हात थांबवा

बाटल्या फुटायला लागल्या असतील तर तपासण्या बाजूला. डोळ्यांना गॉगल, हातात जाड मोजे, खोक्यावर जाड टॉवेल, आणि हलवाहलव कमीत कमी. शक्य असेल तर आहे त्याच जागी थंड होऊ द्या, थंडीने दाब उतरतो. मग टॉवेलखालीच झाकण सैल करा. मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

सॅनिटायझरचं मूळ द्रावण डोळ्यात गेलं तर किमान १५ मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि लेबल सोबत घेऊन डॉक्टरकडे जा. चुकून ब्लीच आणि आम्ल एकत्र झालं तर साफसफाई करत बसू नका. खोलीतून बाहेर पडा, खोकला किंवा धाप लागली तर वैद्यकीय मदत घ्या.

स्टीलच्या फर्मेंटरच्या सांध्यात खड्डे किंवा तडा दिसला तर स्वतः घासून गुळगुळीत करायला जाऊ नका. अन्नाच्या टाक्यांचं काम करणाऱ्या वेल्डरला दाखवा. साध्या वेल्डिंगमध्ये आतून राहिलेली खरबड जंतूंना आणखी चांगली जागा देते. केगची सेफ्टी व्हॉल्व्ह किंवा गॅसचा रेग्युलेटर बिघडला असेल तर तोही जाणकाराकडेच. विहिरीचं पाणी वापरत असाल आणि कधीच तपासलं नसेल, तर ते पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत द्या.

आणि सगळं खोलून, धुऊन, नळ्या बदलून, नव्या यीस्टवर काढलेली खेपसुद्धा बिघडली, तर अंदाज बांधणं बंद करून ब्रुइंगचं सूक्ष्मजीव परीक्षण करणारी प्रयोगशाळा गाठा. जीवाणू आहेत की जंगली यीस्ट हे ते प्लेटवर वाढवून सांगतात, डायस्टॅटिकस यीस्ट पीसीआरने पकडतात. नमुना घ्यायच्या आधी त्यांना विचारा: बाटली कुठली, किती मिली, थंड पाठवायचा का. शक्य असेल तर तीन नमुने द्या, फर्मेंटरमधला, भरायच्या बादलीतला आणि बिघडलेल्या बाटलीतला, आणि सोबत कुठलं सॅनिटायझर कुठल्या प्रमाणात वापरलं तेही लिहून द्या. एकट्या बाटलीच्या नमुन्यावरून ते जंतूचं नाव सांगतील, पण तो आत कुठून शिरला हे त्यांनाही कळणार नाही.